सिराजुद्दीनचा नेम

सिराजुद्दीन चोगलेच्या इकाम्यावर धंदा ‘सुतार’ असा लिहिला होता, आणि तो खरोखरच सुतार होता. रियाधमध्ये त्या दिवसांत एवढी खरी नोंद सापडणं मुश्किल. तिथे राहण्याच्या परवान्याला इकामा म्हणतात, आणि त्यावर लिहिलेला मेंढपाळ हॉटेलात पराठे लाटत असे, गवंडी टॅक्सी चालवत असे. बत्हाच्या बाजारामागे कोकणी पोरांना कुराण शिकवणारे मौलवी इसहाक तर कागदोपत्री टाइल फिटर होते. पण सरकारने कंपन्यांना सौदी माणसं ठेवा म्हणून टक्केवारी लावून दिली, तेव्हा कागद खरा की खोटा हे कोणी विचारलं नाही. खरे-खोटे दोन्ही सुतार परतीच्या विमानात शेजारी शेजारी बसले.

सिराजुद्दीन मंडणगड तालुक्यातल्या एका खाडीकाठच्या गावचा. छप्पन्न वर्षांचा, कोरड्या हातांचा, कमी बोलणारा, आणि कमी बोलतो याचाच थोडा तोरा असलेला माणूस. अल सुलैच्या गोदामांच्या वस्तीत अबू दहाम नावाच्या सौदी म्हाताऱ्याची सुतारकामाची वखार होती. तिथे तो अठ्ठावीस वर्षं होता. आधी दारं केली, मग कार्यालयांची टेबलं, आणि शेवटी यंत्रं पाठवायचे खोके, कारण दारं आणि टेबलं चीनमधून येऊ लागली. वखारीच्या मागे पत्र्याच्या खोलीत त्याची खाट. दुसरी खाट विश्वनाथची, तो गुहागरकडचा वेल्डर. तो दोन महिन्यांपूर्वी कायमचा गावी गेला, आणि त्याच्या खाटेवर आता सिराजुद्दीन धुतलेले कपडे वाळत घाली.

विश्वनाथ जाताना एक काम सांगून गेला होता. तो म्हणाला होता, “सिराजभाय, म्हाताऱ्याजवळ शब्द टाका. तोंड उघडल्याबिगर कोन काय देनार हाय? तुमी आपले घुम्यावानी बसता.”

काम तसं साधं होतं. वखार टक्केवारीत नापास झाली होती. म्हाताऱ्याचा मुलगा दहाम आता सगळा कारभार बघे, आणि त्याने नूतनीकरण न करायच्या इकाम्यांची यादी काढली होती. यादीत सिराजुद्दीनचं नाव तिसरं, मुदत वीस दिवसांवर. मात्र टक्केवारी वखारीला होती, घराला नव्हती. घरगडी, ड्रायव्हर, शेतावरचा राखणदार हे घरमालकाच्या नावावर येत आणि त्यांना कोणी मोजत नसे. म्हाताऱ्याने मनात आणलं असतं तर सिराजुद्दीनला शेतावरचा राखणदार म्हणून आपल्या घरच्या कागदावर घेता आलं असतं. त्यासाठी म्हाताऱ्याला फक्त एकदा विचारायचं होतं.

गावी जायला लोक टपलेले असतात, मग हा का नको म्हणत होता? कारण गावी कोणी नव्हतं. बायको हलिमा पाच वर्षांपूर्वी वारली, आणि याला रजेचा शिक्का मिळेपर्यंत तिसरा दिवस उलटला होता. भाऊ रफीक मागच्या मे महिन्यात गेला, त्याची पोरं केव्हाच मुंब्र्याला जाऊन राहिलेली. घराला कुलूप होतं आणि किल्ली शेजारच्यांकडे होती. एकुलती मुलगी शबनम अल-खोबरला, तिचा नवरा इंजिनियर. फ्लॅट दोन खोल्यांचा, आणि येत्या जूनमध्ये तीही मंडळी कॅनडाला निघाली होती. नात झोया फोनवर इंग्रजीत बोले आणि हा मराठीत ‘जेवलीस का’ विचारी, दोघांचं संभाषण तिथेच संपे. तर वखार, पत्र्याची खोली आणि हिवाळ्यात म्हाताऱ्याबरोबर बंदूक घेऊन शेतावर जाणं, एवढंच त्याचं उरलं होतं. यातलं शेवटचं नसतं तर पहिल्या दोन गोष्टींसाठी त्याने शब्द टाकायचा विचारही केला नसता.

आता बंदुकीचं सांगायला हवं.

बावीस हिवाळ्यांपूर्वी अबू दहाम शालीत गुंडाळलेली एक बंदूक घेऊन वखारीत आला. बंदूक जुनी, इंग्रजी, त्याच्या बापाने कुवेतच्या व्यापाऱ्याकडून घेतलेली. एका वेळी एकच काडतूस घेणारी. चापाखालची लोखंडी कडी खाली ओढली की नळीचं मागचं तोंड उघडे, करंगळीएवढं काडतूस आत सरकवायचं, कडी वर करायची, झालं. नेम चुकला तर दुसरं भरेपर्यंत ससा शेजाऱ्याच्या हद्दीत. तिचा लाकडी दस्ता मनगटाजवळ मोडला होता आणि रियाधमधल्या तीन सुतारांनी तो चिकटवून बघितला होता. सिराजुद्दीनने मोडका दस्ता फेकून दिला, एका जुन्या कपाटाचं अक्रोडाचं लाकूड काढलं आणि दहा दिवसांत नवा घडवला. म्हाताऱ्याने, तेव्हा तो म्हातारा नव्हता, बंदूक खांद्याला लावली, गाल टेकवला आणि विचारलं, तुला हे कोणी शिकवलं?

बापाने. गावी बापाकडे ठासणीची बंदूक होती, पीक राखण्यासाठी सरकारने परवाना दिलेली. रानडुकरं भातात शिरली की कुळवाडी बापाला बोलवायला येत. डुक्कर पडलं की बाप तोंड फिरवून घरी येई, आणि खाली वाडीत वाटे पडत. डुकराला बाप छातीत मारी. पण ससा असला तर बाप पायात मारी, कारण कोकणच्या मुसलमानांत गोळीने मेलेलं जनावर चालत नसे. ते जितं सापडायला हवं, मग बिस्मिल्ला म्हणून गळ्यावरून सुरी फिरवायची. म्हणून नेम पायाचा, आणि गोळी सुटताक्षणी सुरी घेऊन धाव. चाळीस पावलांवरच्या पळत्या सशाचा मागचा पाय धरणं म्हणजे काय, हे ज्याने बंदूक धरली आहे त्यालाच कळेल. सिराजुद्दीनला वयाच्या सोळाव्या वर्षी ते जमत होतं.

अबू दहामचं खर्जच्या वाटेवर खजुराचं शेत होतं. खजुराच्या सावलीत जनावरांसाठी लसूणघास लावलेला, आणि तो खायला पहाट सरता सरता ससे येत. दस्त्यावर खूश होऊन तो सिराजुद्दीनला तिथे घेऊन गेला आणि कौतुकाने पहिली गोळी त्यालाच दिली. परक्या माणसाने तिथे बंदूक हातात धरणं कायद्यात बसत नव्हतं, पण शेत मालकाचं, कुंपण मालकाचं, बघायला विहिरीवरचा एक बंगाली. सिराजुद्दीनने सशाला पायात मारलं, सुरी घेऊन धावला, नाव घेतलं, गळा कापला आणि हसत मागे वळला. अबू दहामचा चेहरा उतरला होता. एकदा मारून जमत नाही म्हणून त्या मुक्या जिवाला दोनदा मारलंस, असं तो म्हणाला. तो ससा त्याने बंगाल्याला देऊन टाकला, आणि त्या दिवसापासून गोळी स्वतः झाडू लागला.

त्यांची रीत निराळी होती. चाप ओढताना अल्लाचं नाव घ्यायचं. मग जनावर गोळीने जागच्या जागी मेलं तरी ते शुद्ध. आणि अबू दहामची गोळी जागच्या जागीच मारी. तो ससा सोलून भातात शिजवायचा, मोठ्या परातीत काढायचा आणि सिराजुद्दीनला हाताला धरून बसवायचा. सिराजुद्दीन काय सांगणार? ज्याच्या सहीवर आपण या देशात उभे आहोत त्याला, तुझी परात माझ्या बापाच्या लेखी मुर्दाड, मेलेल्या जनावराचं हराम मांस आहे, असं तोंडावर सांगायचं? पहिल्यांदा तो पोट बिघडल्याचं म्हणाला. दुसऱ्यांदा, सशाचं मांस मला सोसत नाही, असं म्हणाला. तिसऱ्यांदा काही सांगायची गरज पडली नाही, कारण अबू दहामने त्याच्यासाठी ट्युना माशाचा डबा आणला होता.

पुढे बावीस वर्षं हेच चाललं. दर हिवाळ्यात पाच-सहा खेपा, दर खेपेला परातीच्या त्या बाजूला अबू दहाम आणि या बाजूला, आपली ताटली घेऊन, सिराजुद्दीन. ताटलीत रोटी, खजूर, आणि ट्युना. मौलवी इसहाकांना त्याने एकदा भीत भीत विचारलं होतं. ते म्हणाले, त्यांच्या रीतीने ते बरोबर आहेत, तू खाल्लंस तरी तुला कोणी फासावर देणार नाही. पण घास हातात घेतला की सिराजुद्दीनला बाप दिसे, आणि घास खाली राही. एकत्र जेवलं की माणसं मोकळी होतात म्हणतात. हे दोघे बावीस वर्षं शेजारी बसून वेगवेगळे जेवले, आणि तरीही एकमेकांशिवाय त्यांना शेतावर जायला आवडत नव्हतं. हे प्रेमच होतं, दुसरं काय म्हणायचं? फक्त त्याला बोलायची परवानगी नव्हती.

त्या शनिवारी सकाळी गाडी सिराजुद्दीन चालवत होता. साखरेच्या आजाराने अबू दहामच्या डोळ्यांचे पडदे गेल्यापासून तोच चालवे. म्हातारा मधल्या सीटवर बंदूक ठेवून गप्प बसला होता. एरवी रस्त्यातल्या प्रत्येक टेकाडाचं नाव सांगणारा माणूस आज दोनदा घसा खाकरून पुन्हा गप्प झाला. सिराजुद्दीनला बरंच वाटलं, कारण तो मनात आपलं वाक्य जुळवत होता. त्याने आज ठरवून टाकलं होतं. आज म्हाताऱ्याच्या परातीत हात घालायचा, बाप काय म्हणायचं ते म्हणो, पोटभर जेवायचं आणि मग शब्द टाकायचा. एका परातीत जेवलेल्या माणसाला हा अरब नाही म्हणणार नाही, एवढं त्याला अठ्ठावीस वर्षांत कळलं होतं. आणि हे कळून सवरून, फक्त कामापुरतं जेवायला बसायचं, याची त्याला लाजही वाटत होती.

शेतावर पोचले तेव्हा उन्हं खजुरांच्या शेंड्यांवर आली होती. लसूणघासाच्या कडेला, पाटाजवळ, एक ससा कान वर करून बसला होता. सिराजुद्दीनने दिशा दाखवली. अबू दहामने बंदूक खांद्याला लावली, बराच वेळ तशीच धरली, नळी थोडी डावीकडे नेली, थोडी उजवीकडे नेली. मग खाली घेतली.

“मला नुसतं हिरवं दिसतं,” तो म्हणाला, आणि बंदूक सिराजुद्दीनच्या हातात दिली.

बावीस वर्षांनी ती पुन्हा त्याच्या हातात आली. गाल दस्त्याला लागला, आणि स्वतःच्याच रंध्याने घासलेलं ते लाकूड त्याला अनोळखी वाटलं नाही. नळीच्या टोकावरची नेमाची माशी सवयीने खाली, सशाच्या मागच्या पायावर गेली. त्याने ती उचलली. पायावरून पोटावर, पोटावरून मानेवर. हात आपला नव्हे असं वाटत होतं, पण स्थिर होता. त्याने श्वास धरला आणि चाप ओढला.

ससा एकदा उसळला आणि आडवा झाला. पुन्हा हलला नाही. सिराजुद्दीन धावला नाही, धावायचं काही कारणच नव्हतं. दोघे सावकाश चालत गेले. म्हातारा गुडघ्यावर बसला आणि डोळ्यांचं काम बोटांनी करत त्याने जखम चाचपली. कानामागे एकच भोक. त्याचा चेहरा असा उजळला की सिराजुद्दीनला आपण परीक्षा पास झाल्यासारखं वाटलं. बावीस वर्षं लागली पण शिकलास, असं म्हणून म्हाताऱ्याने त्याच्या पाठीवर थाप मारली. ससा कानांना धरून उचलला आणि सहज, जेवणाआधी हात धुतले का विचारावं तसं, विचारलं, “सम्मैत?”

म्हणजे नाव घेतलंस का?

सिराजुद्दीनने नाव घेतलं नव्हतं. तो विसरला नव्हता, त्याच्या हिशेबात ते चापाशी नव्हतंच. त्याच्याकडे नाव यायचं ते सुरीबरोबर. चापाशी ओठ हलवायची सवय त्याच्या बापाला नव्हती, त्याला नव्हती, त्याच्या गावात कोणालाच नव्हती. आज सुरी काढायचीच नव्हती, म्हणून नावही आलं नाही. म्हणजे आता हा ससा बापाच्या रीतीने मुर्दाड, आणि म्हाताऱ्याच्या रीतीनेही मुर्दाड. दोघांच्यातला एकही हा खाऊ शकत नव्हता. एक मात्र करता आलं असतं. ‘हो’ म्हणायचं. म्हाताऱ्याला दिसत नव्हतं, ऐकूही कमी येत होतं, ओठ हलले की नाही हे कोण बघणार होतं? हो म्हटलं की भात चढला, परात आली, शब्द टाकला, इकामा झाला. सगळं त्या एका ‘हो’वर येऊन उभं होतं.

“नाही,” तो म्हणाला.

“विसरलास?”

विसरलो म्हणून त्याच्या रीतीत सुटका नव्हती, हे सिराजुद्दीनला माहीत होतं. तरी विसरलो म्हणणं सोपं होतं. पण म्हाताऱ्याच्या तोंडात त्याच्या धर्माला न चालणारं जाऊ द्यायचं नाही, एवढं एकदा ठरल्यावर उरलेलं तरी खोटं कशाला सांगायचं, असं त्याला वाटलं असावं. की बावीस वर्षांचं साचलेलं आपोआप वाहून गेलं, कोण जाणे. त्याने सगळं सांगितलं. बापाची बंदूक, सुरी, पायाचा नेम, पहिल्या दिवशी ससा दोनदा का मारला ते, आणि पोट कधीच बिघडलं नव्हतं हेसुद्धा. त्याची अरबी वखारीतली, ‘आण’, ‘धर’, ‘काप’ एवढ्यापुरती. त्यामुळे सांगायला वेळ लागला, आणि म्हाताऱ्याने मध्ये एकदाही तोंड घातलं नाही.

मग म्हातारा पाण्याच्या टाकीच्या कठड्यावर जाऊन बसला. ससा त्याच्या पायाशी होता.

“बावीस वर्षं तू माझ्यासमोर बसून माझं ताट मुर्दाड समजत होतास.”

“तुमचं तुम्हाला शुद्धच होतं, बाबा. मलाच नव्हतं.”

“मग पहिल्याच दिवशी का नाही सांगितलंस? सुरी तर माझ्याही कमरेला असते.” म्हाताऱ्याचा आवाज चढला नव्हता, तो नुसता थकलेला होता. “मी पायात मारली असती. मला येतं पायात मारायला. तू म्हणाला असतास तर मी नाव घेतलं असतं, गोळी पायात मारली असती, तू धावून सुरी फिरवली असतीस. दोघांचं झालं असतं. एवढंच तर करायचं होतं.”

सिराजुद्दीनला हे बावीस वर्षांत सुचलं नव्हतं. इतकं सोपं होतं, आणि सुचलं नव्हतं. कफिलाला, म्हणजे ज्याच्या सहीवर इकामा त्या मालकाला, काही सांगता येतं, आणि सांगितल्यावर तो आपली बंदूक खाली धरू शकतो, हे त्याच्या डोक्यात कधी शिरलंच नाही. त्याला स्वतःचा राग आला. आपलं घुमेपण म्हणजे अदब, असं समजून तो मिरवत राहिला होता.

ससा बंगाल्याने खड्डा करून पुरला. मांसाशिवायचा भात म्हाताऱ्याने करू दिला नाही. रोटी आणि खजूर काढले, ट्युनाचा डबा फोडला आणि एकाच ताटलीत ओतला. म्हाताऱ्याने रोटीच्या तुकड्यात थोडा ट्युना घेतला, चावला, आणि थांबला.

“हे तू बावीस वर्षं खाल्लंस?”

“डबा तुम्हीच आणत होता.”

म्हातारा हसला. सिराजुद्दीनही हसला, आणि त्या हसण्याच्या आडोशाने त्याने आपला शब्द टाकला. जुळवलेलं वाक्य काही आठवलं नाही. आपली मुदत वीस दिवसांची आहे, आपल्याला घरच्या कागदावर घ्या, पगार नाही दिलात तरी चालेल, असं काहीतरी तो बोलून गेला.

म्हाताऱ्याने हात धुतले. मला माहीत आहे, तो म्हणाला. यादी महिन्याभरापूर्वीच त्याच्या कानावर आली होती. सिराजला घरच्या कागदावर घे, असं त्याने दहामला सांगितलं होतं, आणि दहाम नाही म्हणाला होता. दहाम वाईट नव्हता. घरच्या नावावर आधीच पाच माणसं, सहावं दाखवलं तर चौकशी, आणि वखार आधीच नजरेत. सही तर दहामचीच चालत होती. डोळे गेल्यापासून मुखत्यारपत्र त्याच्या नावावर होतं. हे सांगायलाच म्हातारा आज आला होता. मागच्या दोन खेपांनाही सांगायलाच आला होता आणि न सांगता परत गेला होता. म्हणजे घुमा एकटा सिराजुद्दीनच नव्हता.

“पण एक करता येतं,” म्हातारा म्हणाला. “मुखत्यारपत्र मी परत घेऊ शकतो. कचेरीत जाऊन अंगठा दिला की झालं. मग माझ्या घरच्या कागदावर कोणाला घ्यायचं ते मी ठरवीन.”

दहाम काय म्हणेल, असं सिराजुद्दीनने विचारलं. म्हाताऱ्याने हात उडवला. बोलणं टाकेल. वरच्या मजल्यावर राहतो, खाली यायचा बंद होईल. पोरंही येणार नाहीत, त्यांची आई येऊ देणार नाही. त्याने थोडा वेळ हिरव्याकडे बघितलं, जे त्याला अजून दिसत होतं.

“ते मी बघून घेईन. पण आज मला कळलं की तू पोटातलं बावीस वर्षं पोटात ठेवू शकतोस. म्हणून सरळ विचारतो, सरळ सांग. बायको गेली ते मला माहीत आहे. तिकडे तुझं दुसरं कोणी आहे का? कोणी नसेल तर उद्या सकाळी मी कचेरीत जातो.”

सिराजुद्दीनला हवं होतं ते त्याच्यापुढे आयतं वाढलेलं होतं. कोणी नाही, एवढे दोनच शब्द, तेही खरे. भाऊ मेल्याचं त्याने म्हाताऱ्याला सांगितलं नव्हतं, कारण त्या आठवड्यात म्हातारा डोळ्यांसाठी दवाखान्यात होता. आता सांगता आलं असतं. त्याने तोंड उघडलंही. पण त्याला म्हाताऱ्याचं घर दिसलं. खालच्या मजल्यावर हा, जेमतेम दिसणारा, आणि वर मुलगा-नातवंडांची पावलं वाजताहेत आणि जिन्याने खाली कोणी येत नाही. आपल्याला पत्र्याची खोली मिळेल, आणि आपल्यासारखंच याला रोज एकटं जेवावं लागेल. आपल्यापायी. विश्वनाथच्या रिकाम्या खाटेशेजारी दोन महिने काढलेल्या माणसाला ते काय असतं हे नीट ठाऊक होतं. ते त्याला म्हाताऱ्याच्या वाट्याला येऊ द्यायचं नव्हतं.

“आहेत की,” तो म्हणाला. “भाऊ आहे. घर भरलेलं आहे. केव्हा येतोस म्हणून मागे लागलेत सगळे.”

म्हातारा त्याच्याकडे बघत राहिला. त्याला चेहरा दिसत नव्हता, हे एक बरं झालं.

“खरं?”

“मला इथलं काम सोडवेना म्हणून थांबलोय.”

अल्हम्दुलिल्ला, असं म्हणून अबू दहामने एवढा मोठा श्वास सोडला की टाकीवरची चिमणी उडाली. महिनाभर मी झोपलो नाही, तो म्हणाला, आणि तू वेडा माझ्यासाठी थांबलायस. बंदुकीची कडी खाली ओढून त्याने रिकामं काडतूस काढलं, नळी पुसली, आणि आता दहामशी भांडायला नको या आनंदात सिराजुद्दीनच्या आधी गाडीत जाऊन बसला.

येताना गप्प असलेला म्हातारा जाताना बोलायचा थांबेना. भाऊ काय करतो? होडी आहे त्याची, सिराजुद्दीन म्हणाला. मुलं किती? चार. लग्नं झाली का? दोघांची झाली. सुना कशा आहेत? मोठी जरा तोंडाळ आहे, धाकटी गरीब. तोंडाळ सुनेचं ऐकून म्हातारा खो खो हसला आणि आपल्या सुनेबद्दल दोन शब्द बोलला. मग नातवंडं. एक शाळेत जातं, एक रांगतं, जुळ्या मुली आहेत, त्या ओळखू येत नाहीत. विमानतळावर कोण येईल? सगळेच येतील, जीप करून. सिराजुद्दीन रस्त्यावर नजर ठेवून एकेकाला घरात आणत होता, प्रत्येकाला जेवायला बसवत होता, झोपायला जागा देत होता. आजवर त्याने म्हाताऱ्याशी एका दिवसात इतकं बोलणं कधी केलं नव्हतं. सुलैची गोदामं दिसायला लागली तेव्हा त्या कुलूपबंद घरात अकरा माणसं झाली होती.

म्हाताऱ्याने ती बोटांवर पुन्हा मोजली.

“अकरा,” तो म्हणाला. “एवढं गोकुळ घरी असताना तुला इथं अठ्ठावीस वर्षं करमलं कसं रे?”

सिराजुद्दीनने गाडी वखारीच्या दारात उभी केली, चावी फिरवून बंद केली, आणि त्या दिवसातलं दुसरं खरं बोलला.

“तुम्ही होता ना, बाबा.”